काशी खेळायची

काशे, परवा संध्याकाळी तुझा दत्ता आला होता. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तर येईना. "बाई," म्हणाला, "उद्या सोसायटीत आईची शोकसभा हाय. चेअरमन म्हणाले, बाईंनी दोन शब्द बोलावं." मी म्हटलं, "बोलेन की रे." तरी जायचं नाव घेईना. चौकटीची ढलपी नखानं उकरत उभा. इतकी वर्षं शाळेत पोरं हाकल्यावर मला एवढं कळतं, की पोरगं लाकूड उकरायला लागलं म्हणजे खरं बोलणं अजून पोटातच आहे. शेवटी खाली बघत म्हणाला, "बाई, तेवढं तळ्यातल्या खेळाचं काढू नका. लोकं हसतेत. बायामाणसाचं तसलं बरं दिसत न्हाय."

एवढं बोलून गेला. मी तशीच दारात. आत स्टोव्हवर चहा उतू गेला, तो जाऊ दिला. राग आला मला. त्या पोराचा नाही. ते आत्ता कुठं मिसरूड फुटलेलं पोर, सोसायटीत दुधाची फॅट काढायला परवा-परवा लागलंय. लोक काय म्हणतील यापलीकडे काही सुचायचं त्याचं वयच नाही. राग आला तुझा. तू त्याला कधीच काही सांगितलं नव्हतंस? जगभर तोंड चालायचं तुझं, आणि पोटच्या पोराला सांगताना दातखीळ बसली होती व्हय गं?

तू गेल्यापासून तुझ्या अंगणात बसून मी एकच ऐकते आहे. लई कष्टाची बाई. मरेस्तोवर राबली. धार काढता काढताच गेली. येणारी प्रत्येक जण हेच बोलते, डोळे पुसते, आणि मीही मान हलवते, कारण त्यात खोटं काही नाही. गोठ्यात गाईखाली बादली तशीच होती आणि तू शेजारी कलंडलेली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तालुक्याचे, भूमचे डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्यावर तुझा दीर मला विचारतो, "बाई, दिवसभर अंग मोडून काम करणारीला हार्टचं कसं काय होतंय? ते तर बसून खाणाऱ्याला होतंय ना?"

काय सांगणार त्याला? हेच मी तुला सांगत आले ना गं इतकी वर्षं. कामानं अंग झिजतं, काशे. सगळा दिवस कमरेतून वाकायचं, डोक्यावर ओझं घ्यायचं, एकाच बाजूला भार टाकून उभं राहायचं, आणि वर जीवाला घोर. ह्याला व्यायाम म्हणत नाहीत. आणि तू म्हणायचीस, "बाई, तू पुस्तकातलं नको सांगूस."

'बाई' आणि वर 'तू'. ह्या गावात मला असं बोलणारी तू एकटी होतीस. चेअरमन मला 'अहो बाई' म्हणतात, पोरं 'बाई, तुम्ही' म्हणतात, पोरांच्या आया तर माझ्यासमोर उभ्याच राहतात, बसत नाहीत. आता इथं मला 'तू' म्हणणारं कुणी राहिलं नाही. काल सकाळी आरशासमोर वेणी घालताना मीच मला मोठ्यानं म्हटलं, "बाई, तू आज केस नीट बांध." कसंतरीच वाटलं. परत नाही म्हणणार.

मी ह्या गावात आले ती बहात्तरच्या दुष्काळात. तुला आठवत असेल, काडीसारखी होते मी. मुरुम गावची पोर, घरानं धम्म घेतलेला, शिकलेली पहिलीच. नोकरीचा पहिला हुकूम हातात घेऊन एसटीतून उतरले तर शाळेच्या पटांगणात जनावरांची छावणी, वर्गात सुकडीची पोती, आणि अर्धी पोरं आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. बौद्धवाड्यात मला कुडाची खोली मिळाली. डोकं सारखं दुखायचं, जेवणावर वासना नाही, रात्रभर छताकडं बघत पडायचं. आईला लिहायचे, मी बरी आहे.

तळं पार आटलं होतं. तळ्याच्या पोटात झिरे खणलेले, वरच्या अंगाला गावाचा आणि खालच्या अंगाला आमच्या वाड्याचा. खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरायचं, ते वाटीनं भरायचं, की झालं रिकामं. मग परत साचेपर्यंत बसून राहायचं. उजाडायच्या आत गेलं तरी एका घागरीला सकाळ जायची. झिऱ्याभोवती पोरी आणि नव्या सुना गुडघ्यांत मान घालून बसलेल्या असायच्या. बोलायचीसुद्धा कुणाला उमेद नसायची.

आणि एके सकाळी वरच्या झिऱ्यावरून तुझा आवाज. "आगं उठा की! बसून बसून काय ढुंगणाखाली झरा फुटायचाय व्हय?"

तोवर मी तुला नुसती बघितली होती. मेंढरंवाल्यांची सून, लांब ढांगा टाकत चालणारी, तान्ह्या दत्ताला सासूजवळ ठेवून पाण्याला येणारी. माहेरी चौथीपर्यंत शाळेत गेलेली, तिथं खो-खो शिकलेली. ओढा तळ्याला मिळतो तिथं वाळूचा सपाट पट्टा होता; बाकी तळ्याला अशा भेगा, की पाय गेला तर घोटाच मोडावा. त्या पट्ट्यावर तू सासऱ्याच्या मेंढरांच्या वाडग्यातले दोन वासे आणून रोवलेस, टाचेनं रेघ ओढलीस आणि पोरी मोजल्यास. नऊ पुऱ्या होईनात. आणि चुकवून पळणाऱ्या तर वेगळ्याच लागतात. तू कमरेवर हात ठेवून आमच्याकडं बघितलंस. "ए खालच्या! किती जणी हायसा गं?"

आमच्यातल्यांनी घागरी जवळ ओढल्या. गावाच्या झिऱ्याजवळ आमची सावली पडलेली चालायची नाही, तिथं खेळ कुठला आलाय. मी उठले. खरं सांगते, खेळायला नाही उठले, भांडायला उठले. मला वाटलं ही टिंगल करते आहे. जवळ येऊन म्हटलं, "शिवाशिव चालते का तुमच्या खेळात?" तू माझ्याकडं असं बघितलंस, जसं काही मीच येडी. म्हणालीस, "खो म्हंजे पाठीला हात लावूनच द्यायाचा असतोय की, बाई. न शिवता कसा द्यायाचा, टपालानं?"

सगळ्या हसल्या. वरच्याही, खालच्याही. आणि पाणी साचेपर्यंत आपण खेळलो.

मी पडले, गुडघा सोलला, तोंडात वाळू गेली. तू पळायला उठलीस की नुसता गोंधळ. डावीकडं निघाल्यासारखं करायचीस आणि उजवीकडं सटकायचीस, आणि वर तोंडानं शिव्या चालूच. कित्येक महिन्यांत मी अशी धापा टाकली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली, काशे. साधी, गाढ, पालथी पडून झोप. पंधरवड्यात भूक लागायला लागली, आणि ती कधी, तर खायला रेशनच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकर सोडून काही नसताना! मी तुला म्हटलं, काय अवदसा लावलीस मागं, तर खदखदून हसलीस. डोकं दुखायचं थांबलं ते कधी थांबलं हेही कळलं नाही. दुपारून तू खडीवर जायचीस. मी विचारलं, सकाळी पळून दमत नाहीस? म्हणालीस, "खडीनं खांदं भरून येत्यात. सकाळी पळाले की सुटत्यात." बघ, हे मला तूच शिकवलंस. मी पुस्तकातलं तुला नंतर सांगायला लागले.

मग ते तुझ्या सासूच्या कानावर गेलं. खालच्या वाड्यातल्या मास्तरणीनं सुनेच्या पाठीवर हात मारला, सुनेनं तिच्या पाठीवर मारला. म्हातारी दारात आडवी झाली. आंघोळ केल्याबिगर चुलीकडं फिरकायचं न्हाय. तू डोक्यावरची घागर खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "करते की आत्या. ही एवढी घागर हाय घरात. हिच्यात मी आंघोळ करते, मंग तुमी काय प्यायचं ते बघा." म्हातारी विचार करकरून म्हणाली, गोमूत्र शिंपड मग अंगावर. तू शिंपडून घेतलंस, दुसऱ्या दिवशी परत खेळलीस, परत शिंपडून घेतलंस. आणि मग गाय छावणीला गेली. आता आंघोळीला पाणी नाही आणि शिंपडायला गोमूत्र नाही! हे तू मला सांगत होतीस तेव्हा हसता हसता वाळूत बसलीस आणि तुला उठताच येईना. सगळ्या गावाच्या घरांत तेच झालं. विटाळ फेडायला पाणीच नव्हतं, म्हणून विटाळ बसला गप्प. म्हाताऱ्या कुरकुरत राहिल्या आणि आपण खेळत राहिलो.

एकदा मात्र सगळं अंगाशी आलं. गावातले दोघं-तिघं बांधावरून जात होते, त्यांनी आपल्याला पळताना बघितलं आणि गावात जाऊन सांगितलं, पोरी खेळायल्यात, म्हणजे झिऱ्याला पाणी मुबलक आलंय. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव हंडे घेऊन हजर! सूर्य वर यायच्या आत दोन्ही झिरे खरवडून कोरडे. आणि बोल कुणाला? खेळणाऱ्या पोरींना. तुमच्या नाचण्यानं पाणी पळालं म्हणे. आता बसलं तरी पाणी तेवढंच येणार आणि पळालं तरी तेवढंच येणार, एवढं कुणाच्या डोक्यात शिरेना. बाई रिकामी दिसली, हसताना दिसली, म्हणजे तिच्या घरी सगळं भरलेलं आहे, असंच त्यांना वाटतं. त्यांच्या लेखी आपलं दमलेलं तोंड हाच पाणी नसल्याचा पुरावा. आठवडाभर आपण मुकाट बसलो. मग तूच एका पोरीला बांधावर बसवलंस, कुणी येताना दिसलं की ओरडायचं, आणि ओरडली की आपण सगळ्या धपाधप झिऱ्याभोवती, मान खाली, तोंडं सुतकी. काय नाटक करायचीस गं तू!

मग पुढच्या वर्षी पाऊस झाला, तळं भरलं. सगळं गाव बांधावर. कुणी नारळ फोडला, कुणी गुलाल टाकला. मी त्या पाण्याकडं बघत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. तू म्हणालीस, "आगं माय, पाणी आलं की! तू रडायलीस व्हय?" मी काहीतरी बोलले, डोळ्यात गेलंय वगैरे. तुला कळलं होतं. तू त्या पट्ट्याच्या जागेकडं बघितलंस, लांब, ओढ्याच्या तोंडाकडं. पाणी आलं तशा आंघोळी आल्या. वरचा पाणवठा वेगळा झाला, खालचा वेगळा झाला. पोरी रस्त्यात भेटल्या की मान खाली घालून जायच्या. एकीनं, शेवंतानं, मला ओळखच दाखवली नाही, आणि तिला खो देताना माझ्या हाताला तिच्या मणक्याचं हाड न् हाड लागायचं.

तू मात्र यायचीस. भर दिवसा, पुढच्या दारानं. तुझे उपकार मी मोजत बसले तर तू शिव्या घालशील, म्हणून हे एकच लिहिते. वरच्या गावातून येऊन माझ्या घरी पहिल्यांदा पाणी मागून प्याली ती तू.

शाळेत मी मोठ्या मास्तरांच्या मागं लागले, मुलींना खेळाचा तास द्या. दिला त्यांनी. त्या तासाला मुलगे कबड्डी खेळायचे आणि मुली पटांगण झाडायच्या, कारण मुलग्यांना खडे टोचतात. मी म्हटलं, हा कसला खेळ? ते म्हणाले, बाई, झाडल्यानं कंबर मोकळी होते. मी इतकी भांडले, की त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मग शाळेच्या मागचं गायरान बघितलं. पंचायतीचे उंबरे झिजवले. मुलींच्या आया म्हणायच्या, घरी काय कमी पळती का, पाण्याला, सरपणाला, गाईमागं? मी प्रत्येकीच्या चुलीपाशी बसून सांगायचे, अगं, ते ओझ्याचं पळणं. हे मोकळं. ह्यानं छाती भरते, हाड बळकट होतं, पाळीत पोट कमी दुखतं, पोरगी चार माणसांत मान वर करून बोलते. पाळीचं काढलं की उठून जायच्या. पण काही पोरी आल्या. दगड वेचून वेचून आम्ही जागा साफ केली. तूसुद्धा मेंढरं सोडून एक दिवस आलीस, पाट्या टाकल्यास.

आणि त्याच जागेवर तू सोसायटीची इमारत बांधू दिलीस.

तेव्हा गावात नव्या जातीच्या गाई आल्या होत्या. तुमची मेंढरं विकली, दोन गाई घेतल्या. दूध सोसायटीच्या मंडळावर एक बाई पाहिजे म्हणून तुला घेतलं. त्यांना वाटलं होतं, येईल, कोपऱ्यात बसेल, जाईल. तू कोपऱ्यात बसणारी नव्हेस, हे त्यांना पहिल्याच बैठकीत कळलं. इमारतीला जागा पाहिजे होती, रस्त्याला लागून, आणि ती गायरानाचीच. हात वर करायची वेळ आली आणि तू केलास. निदान एवढं खरं, की तू स्वतः येऊन सांगितलंस, दुसऱ्याकडून नाही कळू दिलंस.

मी म्हटलं, "काशे, माझ्या पोरी कुठं खेळतील?"

"बाई, ऐकून घे. दूध उन्हात नासतंय. नासलं की पैसा न्हाय. पैसा न्हाय की पोरीला शाळंतनं काढून गाईमागं लावत्यात. मंग तुझ्या मैदानावर कोण येनार, वारा?"

"मैदान एकदा गेलं की परत मिळत नाही."

"आन गाय मेली की परत मिळती व्हय?"

"तुला तळ्यातलं काही आठवतं तरी का?"

तू उठलीस. दारातून म्हणालीस, "आठवतंय म्हनूनच," आणि गेलीस.

काय आठवत होतं तुला, काशे? मला तळ्यातला खेळ आठवायचा. तुला तळ्यातली भूक आठवत असेल का? मिलो खाऊन पोट धरून बसलेल्या त्या पोरी? मी नंतर कितीदा विचारलं, तू दरवेळी विषय फिरवायचीस. आणि मी हट्टानं परत काढायचे. तुझं चूक होतं असं मी आजही म्हणते. पोट भरल्यावर खेळू असं म्हणत म्हणत ह्या गावातल्या दोन पिढ्या बायका वाकून गेल्या. पण त्या इमारतीतल्या दुधावर शेवंताची पोरगी दहावी झाली, हेही मला दिसतं. अजून भांडायचं होतं गं. मला जिंकायचं नव्हतं, नुसतं भांडायचं होतं. तुझ्याइतकं मन लावून माझ्याशी दुसरं कोण भांडणार?

महिनाभर आपण बोललो नाही. मग एका सकाळी दूध घालून तू सरळ माझ्या दारात. "चल बाई, बांधावर जाऊन येऊ." हातात रिकामी किटली. मी म्हटलं, ही कशाला? म्हणालीस, "मोकळ्या हातानं चाललेली बाई दिसली की लोकं इचारत्यात कुठं निघाली. किटली असली की कुनी इचारत न्हाय." तेव्हापासून ती रिकामी किटली आपल्याबरोबर चालायची. बांधाच्या वळणापलीकडं गेलं, मागंपुढं कुणी नाही असं बघितलं, की तू ती बाभळीला अडकवायचीस आणि म्हणायचीस, "त्या झाडापतुर." आणि पळायला लागायचीस. दोन चाळिशीकडं निघालेल्या बाया! मग परत येताना चेहरे असे, जसं काही पाहुण्यांकडं दूध पोचवून आलोय.

गेल्या उन्हाळ्यात तुला धाप लागायला लागली. झाडाच्या अलीकडंच थांबायचीस आणि खाली बघायचं ढोंग करायचीस. मी जबरदस्तीनं भूमला नेलं. डॉक्टर म्हणाले, काम कमी करा, ओझं उचलू नका, गोळ्या घ्या आणि रोज थोडं सावकाश, मोकळं चाला. हे तू घरी सांगितलंस तेव्हा सगळे हसले. दिवसभर राबणारीला म्हणे चालायला सांगतो, हा डॉक्टर का कोण! सगळ्यांत मोठ्यानं तूच हसलीस. आणि मग आणखी दोन गाई आल्या. मी दारात यायचे, तू शेणात हात घातलेली. "उद्या, बाई." परत गेले की "उद्या." तुझ्या उद्यांना मी कंटाळले होते. आता एक दे की गं.

एकटी जाते मी बांधावर. हातात काही घेत नाही. लोक विचारतात, "बाई, कुठं निघालाव?" मी सांगते, "कुठं नाही." वळणापलीकडं गेले तरी पळत नाही. एकटीनं पळायला लाज वाटते असं नाही. कुणाच्या पुढं पळायचं आणि कुणाच्या मागं, तेच कळत नाही.

तर काल शोकसभा झाली. त्याच इमारतीत. तुझा धड फोटो नव्हताच, सोसायटीच्या अर्जावरचा छोटा फोटो मोठा करून आणला, त्यात तू घाबरलेली दिसतेस. तू आणि घाबरलेली! चेअरमन बोलले, कष्टाची मूर्ती. सेक्रेटरी बोलले, कामातच तिनं देव पाहिला. एका बाजूला सगळ्या बायका बसलेल्या, त्यात शेवंता, त्यात वरच्या झिऱ्याच्या चौघी-पाचजणी, आमच्या वाड्यातल्याही. दत्ता माझ्याकडं बघत होता. त्याची नजर मला कळत होती. मी रात्री ठरवलं होतं, पोराचं मन मोडायचं नाही. आई गेलीय त्याची. दोन शब्द कष्टाचे बोलायचे आणि बसायचं.

उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "काशी खेळायची."

मी म्हटलं, "तुम्ही सगळे ती कशी राबली ते सांगताय. ते खरं आहे, आणि त्यानंच ती मेली. पण दुष्काळात, तळ्यात, पोटात अन्न नसताना ती खेळायची, आणि तिनं आम्हाला खेळवलं. मी तेव्हा जगले ती तिच्यामुळं. इथं बसलेल्या कितीतरी जणी तिच्याबरोबर खेळल्यात. त्यांनी सांगावं."

मी बायकांकडं बघितलं. शेवंतानं सतरंजीचा दोरा उपसायला घेतला. बाकीच्यांनी तोंडाला पदर लावला. एकजणसुद्धा वर बघेना, काशे. एकजणसुद्धा. मी उभी राहिले, राहिले, आणि मग चेअरमन हळूच म्हणाले, "बाईंना फार धक्का बसलाय. बसा, बाई." मला पाणी आणून दिलं. दोन मिनिटं शांतता पाळली आणि लोक उठले.

मी तिथंच बसून राहिले. ह्या एवढ्या गावात तू कशी पळायचीस हे मान्य करणारी मी एकटीच उरले, आणि मला धक्का बसलाय. दत्ता सतरंज्या गोळा करत होता. मला वाटलं, आता येईल आणि बोलेल, बाई, सांगितलं होतं ना. घडी घालत घालत तो माझ्यापर्यंत आला आणि थांबला.

"बाई," म्हणाला, "आई खरंच पळायची?"

"हो रे."

"मी आईला कदी बसलेली बी बघितली न्हाय." मग हातातली सतरंजी खाली ठेवत, "कशी पळायची?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. एवढी बोलणारी मी. जोरात म्हणू? वाकडीतिकडी म्हणू? मी उठले, बाहेर आले, समोरच्या मोकळ्या जागेत दुधाचे कॅन होते ते बाजूला सरकवले, चपला काढल्या. म्हटलं, "ये. धर मला."

त्याला वाटलं, बाईंना खरंच काहीतरी झालंय. इकडंतिकडं बघितलं. रस्त्यावर माणसं होती. तरी आला. मी डावीकडं निघाल्यासारखं केलं आणि उजवीकडं पळाले, आणि त्यानं दोन ढांगांत येऊन माझा दंड धरला. हलकाच धरला, मी पडेन म्हणून.

"अशी?" म्हणाला.

मला बोलायला श्वास पुरत नव्हता. मी आडवी मान हलवली.

"नाही रे," म्हटलं. "तुला ती सापडली नसती."